एकाला शिक्षा झाली, दुसऱ्याचा खटला उरला : मधल्या काळात किती बोलावे?

प्रश्न : मी गेली बरीच वर्षे मेलबर्नमध्ये राहते. आमच्याच ओळखीतल्या दोन गृहस्थांनी गुंतवणुकीच्या नावाखाली अनेक मराठी कुटुंबांकडून पैसे घेतले आणि बुडवले. त्यात आमची निवृत्तीसाठी साठवलेली पुंजीही गेली. दोघांपैकी एकाने गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली. ती सुनावली गेली तेव्हा मी न्यायालयात बसले होते. परंतु दुसऱ्याचा खटला ज्यूरीसमोर चालायचा असल्यामुळे, तो संपेपर्यंत या शिक्षेबद्दल काहीही प्रसिद्ध करू नये, अशी सप्रेशन ऑर्डर न्यायाधीशांनी त्याच दिवशी काढली. मला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर, नाव न घेता का होईना, लोकांना सावध करायचे आहे. पुण्याचा माझा धाकटा भाऊ म्हणतो, ‘ताई, तू लिहू नकोस, मी इथून फेसबुकवर टाकतो, तिकडचे कोर्ट माझे काय करणार?’ पोलिसांनी माझा जबाब घेतला आहे. लुबाडणाऱ्याला संरक्षण आणि लुबाडलेल्यांच्या तोंडाला कुलूप, हा कोणता न्याय? भारतात तर आरोपीने कबुली दिली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. – एक वाचक, मेलबर्न

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातील शिक्षेचा कालावधी, रक्कम, योजनेचे स्वरूप आणि दोघांची ओळख पटेल असा सर्व मजकूर आम्ही वगळला आहे. आपल्याला जो नियम लागू आहे त्याच्याशी खेळ करण्याचा अधिकार या सदरालाही नाही. आता थेट उत्तर देतो. गटावर काही लिहू नका, नाव न घेताही लिहू नका. भावालाही लिहू देऊ नका. न्यायालयात ऐकलेले त्याला आधीच सांगितले असेल, तर ते पुढे कोणालाही पाठवू नये असे आजच कळवा. या तिन्ही गोष्टींमागची कारणे मात्र सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आपला राग मला रास्त वाटतो आणि नुसत्या ‘कायदा आहे’ या उत्तराने तो शमणार नाही.

पहिली गोष्ट अशी की, ज्याला शिक्षा झाली त्याचे संरक्षण करण्यासाठी हा आदेश निघालेला नाही. त्याचा निवाडा झाला आहे आणि आज ना उद्या तो जगासमोर येईल. आदेश आहे तो दुसऱ्यासाठी, ज्याने गुन्हा नाकारला आहे आणि ज्याच्याविरुद्ध अद्याप एकही साक्ष ज्यूरीसमोर झालेली नाही. एखादा आरोपी गुन्हा कबूल करतो तेव्हा सरकारी पक्ष आणि त्या आरोपीचे वकील मिळून घटनाक्रमाचा एक गोषवारा न्यायाधीशांपुढे ठेवतात आणि शिक्षा सुनावताना न्यायाधीश तोच गोषवारा सिद्ध झालेली वस्तुस्थिती म्हणून वाचून दाखवतात. ‘तुम्ही आणि तुमच्या साथीदाराने मिळून ठरवले’, ‘पैसे साथीदाराच्या खात्यात वळवले’ अशी वाक्ये त्यात येतातच, कारण त्यांच्याशिवाय हकिकत पूर्ण होत नाही. परंतु हा मजकूर ठरवताना तो साथीदार तिथे नव्हता, त्याच्या वकिलाला उलटतपासणीची संधी नव्हती आणि कबुली देणाऱ्याला स्वतःचा वाटा लहान व दुसऱ्याचा मोठा दाखवण्यात उघड स्वार्थ असू शकतो. एकाची कबुली हा दुसऱ्याविरुद्धचा पुरावा नव्हे, हे तिथल्या फौजदारी न्यायाचे मूलभूत तत्त्व आहे. तोच मजकूर न्यायाधीशांच्या तोंडचा म्हणून वर्तमानपत्रात छापून आला, तर वाचणाऱ्याच्या मनात दुसऱ्याचा खटला सुरू होण्यापूर्वीच संपतो. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. इथे दुसरा सुका की ओला, हे ठरायचेच आहे.

ते ठरवणार आहेत बारा सामान्य माणसे. मेलबर्न ज्यात आहे त्या व्हिक्टोरिया राज्यात गंभीर गुन्ह्यात आरोपीने गुन्हा नाकारला, तर दोषी की निर्दोष हे ज्यूरी सांगते आणि न्यायाधीश कायदा समजावतात व शिक्षा ठरवतात. ज्यूरीतील सदस्यांनी प्रकरणाविषयी स्वतःहून शोध घेणे तिथे गुन्हा आहे. परंतु शोध न घेताही मोबाइलवर काय येऊन आदळेल, हे कोणाच्या हाती असते? ज्यूरी न्यायाधीशांच्या सूचना पाळते असे न्यायालये गृहीत धरतात आणि बहुतेक वेळा ते खरेही असावे. मात्र ‘याच्या साथीदाराने सगळे कबूल केले आहे’ ही अशी गोष्ट आहे की ती ऐकल्यावर विसरा, असे सांगून ती विसरली जात नाही.

भारताचे उदाहरण आपण दिले आहे, त्यातील फरक इथेच आहे. आपल्याकडे फौजदारी खटल्यांतून ज्यूरी केव्हाच गेली. १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला, तेव्हा ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उघडपणे लावून धरली होती. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले आणि सत्र न्यायाधीशांना तो कौल इतका अस्वीकारार्ह वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे नानावटी दोषी ठरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. निकाल देणारा न्यायाधीश प्रशिक्षित असतो, तो बातम्यांनी डळमळणार नाही, या गृहीतकावर आपल्याकडची मोकळीक उभी आहे. तीही अमर्याद नाही. सहारा प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने, खटल्याला खरा आणि मोठा धोका असेल आणि दुसरा उपाय नसेल तर थोड्या काळापुरते वार्तांकन पुढे ढकलण्याचा आदेश देता येतो, असे स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२१ मध्ये वाहिन्यांनी चालवलेल्या समांतर खटल्यांवर कठोर भाष्य केले. ज्या मोकळिकीची आठवण आपल्याला परदेशात येते, तिच्याविषयी इथली न्यायालये फारशी समाधानी नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या प्रकरणाशी सर्वांत जवळचे जे प्रकरण मला ठाऊक आहे, ते कॅनडातले आहे. ऑन्टारियो प्रांतात दोन शाळकरी मुलींच्या हत्यांबद्दल कार्ला होमोल्का आणि तिचा पती पॉल बर्नार्डो यांच्यावर आरोप होते. तिने सरकारी पक्षाशी तडजोड केली, मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि पतीविरुद्ध साक्ष देण्याचे मान्य केले. १९९३ च्या जुलैत तिला बारा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडचा माफीचा साक्षीदार माफी घेऊन सुटतो, ही शिक्षा घेऊन साक्षीदार झाली, इतकाच फरक. बर्नार्डोचा खटला व्हायचा होता म्हणून न्यायमूर्ती फ्रान्सिस कोव्हॅक्स यांनी तिच्या सुनावणीच्या तपशिलावर प्रसिद्धीबंदी घातली. गंमत अशी की बंदी मागितली ती सरकारी पक्षाने, तिला पाठिंबा दिला होमोल्काच्या वकिलांनी. आणि ज्याच्या नावाने ती घातली गेली त्या बर्नार्डोच्या वकिलांनीच तिला विरोध केला, कारण होमोल्काची प्रतिमा त्याची बळी अशी झाली होती आणि बंदीमुळे तीच टिकून राहील, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे जे झाले ते आपल्या भावाने वाचावे. सीमेपलीकडच्या अमेरिकी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी तपशील छापले व दाखवले, तेव्हा नव्या असलेल्या इंटरनेटवरही ते फिरू लागले आणि ऑन्टारियोचे लोक बफेलो शहरातले वर्तमानपत्र लपवून आणू लागले. सीमेवर एकाहून अधिक प्रती बाळगणाऱ्यांना पोलिसांनी अडवले आणि जादा प्रती जप्त केल्या. परदेशी वृत्तपत्रांतला मजकूर कॅनडात वाटणारा एक निवृत्त पोलीस अधिकारी न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरला. मजकूर त्याने लिहिला नव्हता आणि तो आधीच छापून आलेला होता, या दोन्ही गोष्टी त्याच्या उपयोगी पडल्या नाहीत. बर्नार्डोचा खटला टोरोंटोला हलवला गेला आणि १ सप्टेंबर १९९५ रोजी तो दोषी ठरला. मध्यंतरी सापडलेल्या चित्रफितींवरून होमोल्काचा सहभाग तिने सांगितला त्याहून मोठा असल्याचे दिसले आणि तिच्याशी झालेल्या तडजोडीवर लोक संतापले. बंदीमुळे त्या तडजोडीची वेळीच चिकित्सा होऊ शकली नाही, हा आक्षेप माझ्या मते पूर्णपणे खोडून काढता येत नाही. अशा आदेशांची किंमत समाज मोजतो, हे मान्य करूनच त्यांच्याकडे पाहिले पाहिजे. १९९४ च्या डिसेंबरमध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या प्रकरणात निकष बदलले आणि दुसरा कोणताही वाजवी उपाय पुरेसा नसेल, तसेच बंदीचा लाभ तिच्या हानीहून मोठा असेल, तरच ती घालावी असे ठरवले.

‘नाव न घेता’ या आपल्या कल्पनेला मात्र मेलबर्ननेच उत्तर देऊन ठेवले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू कार्डिनल जॉर्ज पेल यांना तिथल्या ज्यूरीने दोषी ठरवले, परंतु त्यांच्यावरचा दुसरा खटला बाकी असल्यामुळे बातमीवर बंदी होती. (इथे दुसरा खटला त्याच आरोपीचा होता, सहआरोपीचा नव्हता, कारण मात्र तेच.) परदेशी संकेतस्थळांनी नाव छापले. ऑस्ट्रेलियातल्या काही वृत्तसंस्थांनी नाव छापले नाही, पण एका अतिशय प्रसिद्ध व्यक्तीला दोषी ठरवले आहे आणि ते आम्हाला सांगता येत नाही, अशा अर्थाचे मजकूर दिले. पुढे दुसरा खटला सरकारी पक्षाने मागे घेतला, फेब्रुवारी २०१९ मध्ये बंदी उठली, २०२० च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने (तिथले हेच सर्वोच्च न्यायालय) पेल यांची निर्दोष मुक्तताही केली. इतके सगळे होऊनही २०२१ मध्ये बारा माध्यम कंपन्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल मिळून अकरा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक दंड भरावा लागला. वाचकाला शोध घ्यायला उद्युक्त करणारा सूचक मजकूरही न्यायालयाला मान्य झाला नाही. आपल्या मंडळाच्या गटावर तर शोधाचीही गरज नाही. ‘आपल्यातल्याच एकाला’ एवढे लिहिले की कोणाविषयी आहे ते पहिल्या पाच मिनिटांत सर्वांना कळेल.

व्हिक्टोरियातील असे आदेश २०१३ च्या ओपन कोर्ट्स ॲक्टखाली निघतात. न्यायालये उघडी असावीत हेच या कायद्याचे गृहीतक आहे. न्यायदानाला खरा आणि भरीव धोका असून तो दुसऱ्या उपलब्ध उपायाने टळत नसेल, तरच या कारणाखाली बंदी घालता येते. आदेशात नेमकी कोणती माहिती झाकली आहे आणि किती काळ, हे सांगावे लागते. आपल्याला तो कायमचा वाटत असेल, तर तसे नाही. खटला संपेपर्यंत असे भविष्यातल्या घटनेवर अवलंबून राहायचे असेल, तर ती घटना घडलीच नाही या शक्यतेसाठी पाच वर्षांच्या आतली अंतिम मुदतही घालावी लागते. परंतु त्याच कायद्याचे शब्द असे आहेत की, माहितीचा खुलासा ‘प्रसिद्धीने किंवा अन्य प्रकारे’ करण्यास मनाई करता येते. त्यामुळे आपल्या आदेशात केवळ प्रसिद्धीला बंदी आहे की तोंडी सांगण्यालाही, हे त्याची प्रत पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. ती न्यायालयाच्या रजिस्ट्रीत किंवा सरकारी वकिलांच्या कार्यालयात मागावी. आदेश आहे हे माहीत असताना तो मोडणाऱ्या व्यक्तीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा मोठा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपण आदेश निघताना न्यायालयात हजर होता. ‘मला ठाऊक नव्हते’ असे आपण कधीच म्हणू शकणार नाही.

भावाचा मार्ग म्हणूनच बंद आहे. पुण्यात बसलेल्या माणसापर्यंत मेलबर्नचे न्यायालय सहज पोहोचणार नाही, हे खरे. परंतु बंदी असलेली न्यायालयीन माहिती त्याला दिली कोणी, या प्रश्नाचे उत्तर एकच आहे आणि ती व्यक्ती मेलबर्नमध्ये राहते. शिवाय ज्याच्यावरचा आरोप सिद्ध झालेला नाही त्याला फेसबुकवर चोर म्हणणे ही भारतातही जोखीम आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीचा फौजदारी गुन्हा कायम आहे. बहिणीसाठी काही करावे ही त्याची तळमळ मी समजू शकतो, पण या कामात ती आपल्यालाच महाग पडेल.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट आपण पत्रात एका छोट्या वाक्यात उरकली आहे. पोलिसांनी आपला जबाब घेतला आहे. म्हणजे दुसऱ्याच्या खटल्यात आपण साक्षीदार असण्याचा दाट संभव आहे. समजा, आपण गटावर लिहिले. गटातील इतर फसवणूक झालेल्या कुटुंबांनी त्यावर आपापल्या आठवणी जोडल्या, कोणी तारीख दुरुस्त केली, कोणी रक्कम सांगितली, कोणी ‘तो असेच बोलला होता ना?’ असे विचारले आणि आपण अंगठा दाखवला. साक्षीच्या वेळी बचाव पक्षाचे वकील त्या संभाषणाच्या छापील प्रती आपल्यासमोर ठेवतील आणि विचारतील की आपण सांगता ते स्वतःच्या स्मृतीतले आहे की गटात ठरलेले. खरे सांगणारा साक्षीदारही या प्रश्नापुढे अडखळतो. त्याहून वाईट म्हणजे मजकूर ज्यूरीपर्यंत पोहोचला, तर न्यायाधीशांना ज्यूरी बरखास्त करून खटला नव्याने सुरू करावा लागू शकतो. मग पुन्हा कित्येक महिन्यांची प्रतीक्षा आणि तीच वेदनादायक साक्ष दुसऱ्यांदा. निकाल आपल्या बाजूने लागला तरी ‘बाहेरच्या प्रचारामुळे ज्यूरी दूषित झाली’ हा मुद्दा अपिलात आयता मिळतो. आपण आदेश पाळता तेव्हा आपण त्या माणसावर उपकार करत नाही. त्याच्या वकिलाच्या हातातले एक हत्यार काढून घेता.

मधल्या काळात आपण अगदीच निरुपाय नाही. सरकारी खटले चालवणाऱ्या ऑफिस ऑफ पब्लिक प्रॉसिक्यूशन्समध्ये फसवणुकीला बळी पडलेल्यांना आणि साक्षीदारांना साहाय्य करणारा स्वतंत्र विभाग आहे. तिथे तीन गोष्टी विचाराव्यात : आदेशाची नेमकी व्याप्ती काय, पतीशी आणि मुलांशी मला काय बोलता येईल, आणि मला साक्षीला बोलावण्याची शक्यता किती. ज्याला शिक्षा झाली आहे त्याच्याकडून नुकसानभरपाईचा आदेश मागण्याची तरतूद १९९१ च्या सेंटेन्सिंग ॲक्टमध्ये आहे आणि सप्रेशन ऑर्डरमुळे ती आपोआप बंद होत नाही. असा अर्ज शक्य तितक्या लवकर करणे हिताचे असते, म्हणून तीही चौकशी याच भेटीत करावी. पैसे प्रत्यक्षात किती परत मिळतील, याविषयी मात्र फार आशा ठेवू नये, कारण अशा प्रकरणांत आदेश मिळणे आणि वसुली होणे यांत बरेच अंतर असते.

लोकांना सावध करण्याची आपली इच्छा चांगली आहे आणि तिला वाटही आहे, फक्त ती आपल्या प्रकरणातून जाता कामा नये. गुंतवणूक सल्लागाराकडे परवाना आहे का हे एएसआयसी या ऑस्ट्रेलियाच्या वित्तीय नियामकाच्या नोंदवहीत कोणालाही पाहता येते, आणि खात्रीशीर भरघोस परताव्याचे आश्वासन हेच धोक्याचे लक्षण असते, ही माहिती मंडळाने आपल्या नेहमीच्या उपक्रमात द्यावी. ती आपण स्वतः, आपल्या नावाने, निकालाच्या आठवड्यात देऊ नये. दुसऱ्या एखाद्या कार्यकर्त्याने द्यावी आणि तिच्यात कोणत्याही घटनेचा उल्लेख नसावा. कोणी थेट विचारलेच, तर ‘प्रकरण न्यायालयात आहे, मला त्याबद्दल बोलता येत नाही’ एवढे एक वाक्य पुरे. त्यावर ‘म्हणजे शिक्षा झाली ना?’ असा प्रश्न हमखास येईल. तेव्हा तेच वाक्य पुन्हा म्हणावे.

आदेश गरजेपेक्षा व्यापक आहे असे आपले ठाम मत असेल, तर त्याचा फेरविचार मागण्याची सोयही कायद्यात आहे. माध्यमे तसा अर्ज करू शकतातच, आणि पुरेसा हितसंबंध असल्याचे न्यायालयाला पटले तर इतर व्यक्तीलाही तो करता येतो. मात्र साक्षीदाराने स्वतः पुढे होऊन हे करण्यात फारसे शहाणपण नाही. किमान आधी स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा. दुसऱ्या आरोपीचा खटला निकालात निघाला, त्याने मध्येच गुन्हा कबूल केला किंवा सरकारी पक्षाने खटला मागे घेतला, तरी आदेश त्याच क्षणी संपला असे स्वतःहून समजू नये. ज्यूरी कोणताच कौल देऊ शकली नाही, तर पुन्हा खटला होऊ शकतो आणि बंदी त्या वेळीही लागू असू शकते. आदेश उठल्याचे सरकारी वकिलांच्या कार्यालयाकडून लेखी कळल्यावर, न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना काय म्हटले ते आपण नावानिशी, जसेच्या तसे मंडळाच्या गटावर टाकू शकता. ते कागद आतापासून मागून ठेवण्याची व्यवस्था करावी.